हाताला मुंग्या

श्रावणातल्या शुक्रवारी सकाळी वनमाला कुबल नळावर पडली. दहिसर नदीच्या काठच्या त्या चाळीत नळाजवळचं शेवाळ दर पावसाळ्यात दोन-चार जणांना आडवं करतंच. चाळीच्या कमिटीत त्यावर चार वर्षं चर्चा चालू आहे. यंदा पाळी वनमालाची आली. कंबरेवरची कळशी सुटली आणि पडता पडता तिने उजवा हात टेकला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. शेजारची जानकी धावत आली, तर ही बसल्या जागेवरून म्हणाली, "कळशी बघ गो आधी. पोचो पडलो काय?"

कळशीला पोचा पडला होता. मनगटाच्या वर हाताला त्याहून मोठा पडला होता.

या बाईच्या उजव्या हातावर घर चालायचं, असं म्हटलं तर तिच्या नवऱ्याला, बाळाला, राग येणार नाही. तो कांदिवलीच्या एका शाळेची बस चालवायचा. शाळेला सुट्टी लागली की त्यालाही लागायची, आणि ती बिनपगारी असायची. बाकीचं सगळं वनमालाच्या मोदकांवर निघत होतं. बोरिवलीच्या टॉवरांमध्ये तिचे उकडीचे मोदक ठरलेले होते. पारी इतकी पातळ की आतलं सारण दिसावं, आणि कळ्या मोजून एकवीस. साचा तिने घरात येऊ दिला नव्हता. मुलगी दिशा एकदा प्लॅस्टिकचा साचा घेऊन आली, तेव्हा वनमालाने तो धुऊन त्यात मीठ भरून ठेवलं. तो मिठाला बरा होता, असं तिचं म्हणणं.

आता रविवारी संकष्टी होती, आणि तिथून पंधरा दिवसांवर गणपती.

महापालिकेच्या इस्पितळात बाळा तिला घेऊन पोचला तेव्हा दहा वाजले होते. केसपेपरची रांग, मग एक्स-रेची, मग प्लास्टरची. छत्र्यांच्या पाण्याने फरशी ओली झाली होती आणि प्रत्येक नवा माणूस घसरता घसरता सावरत होता. वनमालाने मोडका हात डाव्या हातात तान्ह्या मुलासारखा धरला होता. दोन तास ती उभी होती, कारण बाकावर बसलं की रांगेतला नंबर जायचा.

हाडांचा डॉक्टर कोवळा होता, दक्षिणेकडून शिकायला आलेला. मराठी त्याला येत नव्हती आणि हिंदी येते असं त्याला वाटत होतं. त्याने फिल्म खिडकीकडे धरली, "टूटा है" म्हणाला आणि तिला प्लास्टरच्या खोलीत पाठवलं.

तिथे रतनमामा होता. वीस वर्षं त्याने प्लास्टरच लावली होती आणि त्याच्या हाताला सफाई होती. फुगलेला हात बघून त्याने दारातून डॉक्टरला विचारलं, "साहेब, सूज आहे. आज अर्धंच करू का? वरून पट्टी मारतो."

डॉक्टरच्या कानाला फोन होता. वरच्या मजल्यावर कुणा नगरसेवकाचे सासरे गुडघा दाखवायला आले होते, मोठे साहेब स्वतः बघत होते आणि सगळ्या शिकाऊंना वर बोलावलं होतं. "पूरा कर दो मामा," तो जाता जाता म्हणाला. "ये लोग वापस नहीं आता."

रतनमामाने हात गोल गुंडाळला, कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत. काय करायचं, काय टाळायचं, याचा छापील कागद द्यायची पद्धत होती, पण कागद संपले होते. "पाण्यात घालू नका," तो म्हणाला. "सहा आठवड्यांनी या." त्याच्या मागे सात जण उभे होते.

रात्रभर हात ठणकला. वनमालाने कुणाला उठवलं नाही. दिशाच्या वेळी कळा निघत असताना तिने भाताची पेज काढून मग रिक्षा बोलवायला सांगितली होती. ही गोष्ट ती स्वतःच अधूनमधून ऐकवायची. सोसण्याचा तिला अभिमान होता, आणि या अभिमानाने तिचं आजवर नुकसान झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी जानकी खोबरं खवायला येऊन बसली. दिशाने दुकानातून सुट्टी काढली होती. ती कांदिवलीला मोबाइलच्या दुकानात होती आणि सुट्टी मागितली की मालक तोंड पाडायचा. वनमाला स्टुलावर बसून डाव्या हाताने सारण ढवळत होती. गूळ पातळ झाला, उतू येऊ लागला, तिने घाईत कढई सावरायला प्लास्टरचा हात पुढे केला आणि प्लास्टरच्या कडेला गुळाचा ओघळ लागला.

"आई, तू उठ ना यार," दिशा म्हणाली. "आम्ही करतो."

"तू काय करतलंस? गूळ जळलो तर काय मालकाक सांगशील?"

दुपारपर्यंत तिची बोटं फुगून एकमेकांना चिकटली. बोटं निळसर पडली, नखं जांभळी. प्लास्टरच्या आत कुणी मूठ आवळावी तसा हात दुखत होता, आणि दुखण्याच्या खाली आणखी एक काहीतरी सुरू झालं होतं. बाळा दोन वाजता घरी आला. तिने जेवणाचं ताट डाव्या हाताने पुढे केलं आणि म्हणाली, "माका हाताक मुंग्यो इल्यो."

"कधीपासून?"

"काल रातीपासून. आता लय इल्यो."

बाळाने बोटं बघितली. तो फार बोलणारा माणूस नव्हता. "चल, जावया," तो म्हणाला आणि न जेवता उठला.

"दुखतलाच ना. मोडलोहा हात."

"तरी चल."

शनिवारी दुपारनंतर ओपीडी बंद असते. ते अपघात विभागात गेले. टेबलामागे तोच डॉक्टर होता, शुक्रवारचाच शर्ट घातलेला. डोळे लाल, शेजारी गार झालेला चहा. बाळाने टोपी काढून हातात घेतली. शाळेच्या मुख्याध्यापकांसमोरही तो अशीच काढायचा.

"क्या हुआ?"

वनमालाने हात टेबलावर ठेवला. घरून निघताना ती मनात वाक्य जुळवत आली होती. टॉवरांच्या वॉचमनांशी ती वर्षानुवर्षं हिंदीत बोलत होती, तिला अडचण नव्हती.

"साब, हाथ में चींटी आया है."

"क्या?"

"चींटी. बहुत आया है. अंदर में."

डॉक्टरने बाळाकडे बघितलं.

"हां साब," बाळाने दुजोरा दिला. "कल रात से चींटी आया है."

डॉक्टर पुढे वाकला. प्लास्टरच्या कडेला पिवळसर चिकट ओघळ होता. त्याने पेनाच्या टोकाने तो खरवडला. "ये क्या है?"

"गुड है," वनमाला म्हणाली.

तेव्हा तो हसला. वाईट हसला नाही. दोन दिवसांत बहुधा पहिल्यांदाच हसत होता, आणि हसल्यावर तो एखाद्याच्या घरचा पोरगा दिसायला लागला. "अम्मा, मीठा लगाएगा तो चींटी आएगा ना. साफ रखना."

तो हसला म्हणून बाळाही हसला. वनमालालाही हसावं लागलं. तिला वाटलं, गुळाने मुंग्या येतात असं डॉक्टरकीत असेल. साखरेच्या आजारात हातापायांना मुंग्या येतात, हे तिने टॉवरमधल्या बायकांकडून ऐकलं होतं. तेव्हा गूळ कमी खायला सांगतोय, असा तिने अर्थ लावला आणि मान डोलावली. दोघंही उसन्या भाषेत बोलले, आणि दोघांनाही वाटलं की आपल्याला कळलं.

बोटं टेबलावर, ट्यूबलाइटखाली होती. त्याने त्यांना हात लावला नाही. केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि खाजेची गोळी दिली. मागचा माणूस डोक्याला फडकं दाबून पुढे सरकला होता.

"डॉक्टर चांगलो असा," रिक्षात बाळा म्हणाला. "हसान बोललो."

रविवारी सकाळी दुखणं कमी झालं. अकरा वाजेपर्यंत जवळजवळ थांबलंच. गोळी लागू पडली, असं वनमालाने जानकीला सांगितलं, आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. बाळाने दोन दिवसांनी नीट जेवण केलं. बोटं आता काळपट दिसत होती, पण दुखत नव्हती, आणि न दुखणाऱ्या गोष्टीची काळजी करायला त्या दिवशी कुणाला वेळ नव्हता. दिशा आणि जानकीने पाऱ्या केल्या. वनमाला समोर बसून डाव्या तर्जनीने कळ्या मोजत होती.

"सतराच असत. परत कर."

"आई, कोण मोजतंय?"

"मी मोजतंय."

संध्याकाळी पाच वाजता गार्गी आली. बोरिवलीच्या वसुधाकाकूंची नात, खासगी हॉस्पिटलात व्यायामोपचार शिकणारी. काकूंचे मोदक न्यायला आली होती. चप्पल काढून आत आली, डबा घेतला, आणि तिची नजर वनमालाच्या मांडीवरच्या हाताकडे गेली. तिने डबा खाली ठेवला.

"मावशी, हे कधीपासून?"

"शुक्रवारी पडले. आता बरंय. दुखायचं थांबलं."

गार्गीने तिचं बोट हातात घेतलं. बोट गार होतं. तिने नखावर दाबून सोडलं आणि बघत राहिली. "डोळे मिटा," ती म्हणाली. "मी कुठलं बोट धरलंय?"

वनमाला डोळे मिटून बसली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. "धरलंस कधी?" तिने विचारलं.

गार्गीने तिची करंगळी धरली होती. मोदकांचा डबा तिथेच ठेवून ती वनमालाला आणि बाळाला घेऊन रिक्षात बसली.

गेल्या वर्षी वसुधाकाकूंचंही मनगट असंच मोडलं होतं. तेव्हा वनमाला त्यांच्याकडे पेज घेऊन जायची. काकूंचं प्लास्टर अर्धंच होतं, हात उशीवर उंच ठेवलेला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला होता. बोटं हलताहेत का, नखं गुलाबी आहेत का, मुंग्या येताहेत का, असं मराठीत विचारणारा. काय लाड करतात, असं वनमालाला तेव्हा वाटलं होतं. लाड नव्हते ते, उपचार होते, हे तिला आता रिक्षात कळत होतं.

"आमच्याकडे नेलं असतं," गार्गी म्हणाली. तिथे आधी किती भरावे लागतात हे रिक्षातल्या तिघांनाही माहीत होतं. शिवाय ते लांब होतं आणि महापालिकेचं इस्पितळ जवळ.

अपघात विभागात गार्गी इंग्रजीत बोलली. मोठ्याने बोलली नाही, पण थांबलीही नाही. दहा मिनिटांत मोठे साहेब घरून निघाल्याचा निरोप आला. बाळा टोपी हातात धरून बघत राहिला. त्याच टेबलापाशी काल तोही डॉक्टरबरोबर हसला होता.

करवतीने प्लास्टर कापलं तेव्हा आतला हात वनमालाने बघितला आणि मान वळवली. मोठ्या साहेबांनी बाळाला बाजूला घेतलं. प्लास्टरच्या आत सूज वाढली, रक्त अडलं, आता चिरून मोकळं करावं लागेल. "हात वाचवायचा प्रयत्न करू," ते म्हणाले. "बोटांचं सांगू शकत नाही. काल आला असतात तर."

"काल इलेलंव, साहेब," बाळा म्हणाला. घाबरल्यावर त्याच्या तोंडून मालवणीच निघायची. "काल हयच इलेलंव."

हात वाचला. कोपरापर्यंत दोन लांब जखमा घेऊन वनमाला वॉर्डात पडून होती, तेव्हा बाहेर गणपती आले आणि गेले. मांडीची कातडी काढून हातावर लावली. बोटं आत वळली ती वळलीच. चार बोटं तळव्याकडे वाकलेली आणि अंगठा त्यांच्यावर पडलेला. गार्गी आठवड्यातून दोनदा येऊन ती उलगडायचा प्रयत्न करायची, आणि तिच्या चेहऱ्यावरून वनमालाला सगळं कळायचं. वसुधाकाकू एकदा फळं घेऊन आल्या. स्वतःचा बरा झालेला हात त्यांनी पूर्णवेळ पदराखाली ठेवला होता. वनमालाला त्यांचा राग आला नाही. तो आला असता तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर तिने साच्यातलं मीठ बरणीत ओतलं आणि साचा दिशाच्या हातात दिला. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, आणि बराच वेळ रडली. बाळा तिच्याजवळ बसून राहिला.

तक्रार दिशाने केली. केसपेपरची प्रत मिळवायलाच तिला सहा खेपा पडल्या. शनिवारच्या ओळीचा अर्थ गार्गीने सांगितला: प्लास्टरला मुंग्या, खाज, समजूत घातली. दिशाने तो कागद आईसमोर धरला.

"तू नक्की काय म्हणालीस त्याला?"

"चींटी आया है म्हटलं."

दिशाने कपाळाला हात लावला. "अगं, चींटी म्हणजे किडामुंगी. त्याला वाटलं गुळाला मुंग्या लागल्या."

वनमालाने कागद डाव्या हाताने बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणान हसलो तो."

चौकशी डिसेंबरात लागली. आदल्या दिवशी दिशाने तिला बजावलं, "चींटीचं नाव काढू नकोस. मराठीत सांगितलं, मुंग्या आल्या म्हटलं, एवढंच बोल. नाहीतर ते सगळं तुझ्यावर ढकलतील. वाट लावतील आपली."

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली. टेबलामागे तिघं, मधोमध केस पांढरे झालेल्या एक डॉक्टरीणबाई, कडेला लिहून घेणारा कारकून श्यामसुंदर. भिंतीला लागून खुर्चीवर तो कोवळा डॉक्टर बसला होता. तो वाळला होता. वनमाला आत आली तसा तो उभा राहिला आणि पुन्हा बसला. तिची वाकडी बोटं त्याने या वेळी बघितली.

बाईंनी मराठीतच विचारलं. आवाज चांगला होता. "कुबलताई, शनिवारी तुम्ही डॉक्टरांना नेमकं काय सांगितलंत?"

दिशाने मागून आईच्या खुर्चीला पाय लावला.

खोटं बोलायची वनमालाची तयारी होती. ती सकाळपासून ते वाक्य घोकत होती. पण खोलीत बसल्यावर तिला वाटलं, आपण खोटं बोललो तर हा पोरगा खरं सांगेल, आणि मग खरं त्याच्या बाजूला जाईल. ते तिला द्यायचं नव्हतं.

"चींटी आया है म्हटलं," ती म्हणाली. दिशाने श्वास सोडला.

टेबलामागच्या एकाने दुसऱ्याकडे बघितलं. श्यामसुंदरचं पेन चालू लागलं. थोड्या वेळाने त्याने वाचून दाखवलं, "रुग्णाने प्लास्टरमध्ये मुंग्या शिरल्याचे सांगितले. त्यामुळे डॉक्टरांचा गैरसमज झाला. रुग्णाने लक्षणे योग्य रीतीने सांगितली नाहीत."

"हे बरोबर आहे ना?" बाईंनी विचारलं.

"पहिलं बरोबर आहे," वनमाला म्हणाली. "पुढचं लिहायचं राहिलं. बोटं निळी होती."

"ते केसपेपरवर नाही, ताई."

"केसपेपरवर नसेल. हातावर होतं." तिने हात उचलून टेबलावर ठेवला, शनिवारी ठेवला होता तसाच. "मला हिंदी येत नाही, ते माझं चुकलं. ह्यांनाही येत नाही. पण बाई, निळं बोट बघायला कुठली भाषा लागते? हात लावून बघितलं असतं तर गार लागलं असतं. ते मी मराठीत सांगायचं, की हिंदीत?"

मराठीतलं काहीच कळलं नसताना त्या डॉक्टरने मान खाली घातली होती. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "श्यामसुंदर, लिहा," त्या म्हणाल्या. "रुग्णाच्या म्हणण्यानुसार त्या वेळी बोटे निळी पडली होती व ती तपासण्यात आली नाहीत. आणि ते 'योग्य रीतीने'चं अख्खं वाक्य काढा."

"मॅडम, एकदा लिहिलेलं..."

"काढा म्हटलं ना."

त्याने खोडलं आणि कागद वनमालासमोर सरकवला. तिचा हात बघून मग टेबलाच्या खणातून शाईचा पॅड काढून त्याचं झाकण उघडलं. "अंगठा चालेल, मावशी. डाव्याचा द्या."

वनमाला सातवीपर्यंत शिकली होती. दिशाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी तिचीच सही असायची. तिने पॅडचं झाकण डाव्या हाताने बंद केलं.

"पेन द्या," ती म्हणाली.

त्याने पेन दिलं. ते तिने डाव्या मुठीत धरलं आणि कागद घसरू नये म्हणून त्याच्यावर उजवी मूठ ठेवली. पहिला 'व' लिहितानाच पेन दोनदा सटकलं. दिशा उठून पुढे आली, तिला तिने मान हलवून मागे बसवलं. न आणि मा झाले तोवर बाहेर दारावर कुणीतरी टकटक केलं. पुढची केस आली होती. बाईंनी थांबायची खूण केली. टेबलामागचे दोघं घड्याळाकडे बघत होते.

ला लिहून झाला. वनमालाने श्वास घेतला, पेन पुन्हा नीट धरलं, आणि नवऱ्याचं नाव लिहायला घेतलं. ते झाल्यावर आडनाव होतं. सगळे बसून राहिले.